कुहीच्या अलीकडे

शनिवारी साडेचारला वीजबिलाची खिडकी बंद होते.
पाच वीसला मी खड्ड्यात असतो.

खड्डा बाबांचा. गोळीबार चौकात अजून
चार-दोन घरं अशी असतील, जिथला माग गेला
आणि विणकराचे पाय सोडायचा खड्डा तेवढा राहिला.
कुंदा म्हणाली होती, बुजवा, कपाट बसेल.
मी भोवती प्लायवूड मांडलं, जमिनीपासून वीतभर उंच,
मधे माझ्यापुरतं भोक ठेवलं.
इतवारी ते नागभीड, जुनी छोटी लाइन,
सत्त्याऐंशीपट लहान.
चार वर्षं झाली. अजून कुही आलेलं नाही.

कूलर बंद ठेवावा लागतो, नाहीतर खडी उडते:
कन्हानची वाळू, चहाच्या गाळणीतून दोनदा चाळलेली.
(गाळणी घरातली तिसरी. पहिल्या दोन लाइनीला लागल्या.)
गवत मात्र कूलरचंच, मागल्या सालचा वाळा
कात्रीनं बारीक केलेला.
नाक खाली नेलं की उमरेडकडचा तो सगळा माळ
अजून गार वास देतो.

बाबा हातावर मोजायचे, आज इतके हात लुगडं झालं.
मी वितीवर.
शनिवारी रात्री दीड वीत रूळ बसला,
खाली संत्र्याच्या पेटीतून तासलेले स्लीपर, अठ्ठेचाळीस,
त्यातला एक घामाबरोबर बनियनला चिकटून
सकाळी अंघोळीच्या वेळी सापडला.

रविवारी गजभिये आले. हातात पोहे, तर्रीची पिशवी वेगळी.
बत्तीस वर्षं गँगमध्ये काढलेला माणूस;
ऑपरेशन झालेला डोळा त्यांनी रुळाच्या पातळीला लावला,
दुसरा मिटला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग, "काहून बे, सांधा कुठं हाय?
मे महिना होय हा. रूळ फुगंन, अन् गाडी वावरात जाईन."
काका, हा रूळ काडीएवढा आहे.
"मंग काडीएवढा उन्हाळा लागंन त्याले."

कापला.
पोस्टकार्डाच्या जाडीची फट पाहिजे म्हणाले.
घरात पोस्टकार्ड कुठलं? कुंदानं लग्नाची पत्रिका दिली,
हेडाऊंच्या धाकट्याची, तारीख उलटून गेलेली.
तिचा कोपरा सांध्यात धरून कथील ओतलं.
करवतीचं पातं मोडलं. तर्री निवून वर लाल साय आली.
तीन वाजता मोजलं तर
दीड विताची सव्वा वीत झाली होती,
म्हणजे दिवसभर खपून मी
इतवारीकडे चार बोटं परत आलो होतो.

संध्याकाळी करंट दिला.
इंजिन बाबांच्या धोट्याचं. एकच उरला होता,
शिसवी, टोकांना पितळ;
जिथे सुताची कांडी बसायची तिथे मोटर बसली,
थोडं रंधावं लागलं, ते मी बाबांच्या फोटोकडे पाठ करून केलं.
या काठाहून त्या काठाला, त्या काठाहून या,
चाळीस वर्षं धोटा पळाला
आणि बाबा जागच्या जागी.
आता तो सांध्यावरून गेला.
टक्.
गजभिये म्हणाले, "आयकलं?"
मागे घेतला. टक्.
पुढे. टक्.
कुंदा पोळ्या टाकता टाकता दारात आली,
लाटणं हातात, आणि म्हणाली, अजून एकदा.

नवव्या वेळी फीडर गेला. आमच्याच कंपनीचा.
अंधारात तिघं घाम पुसत उभे;
तिनं विचारलं, तुमच्याच ऑफिसला फोन लावू का?
दिवे साडेदहाला आले. तोवर गजभिये गेले होते.
गाडी सांध्याच्या पुढे उभी होती, मी हलवली नाही.
दोन सेंटिमीटरचे चार प्रवासी कडेला,
एकीच्या डोक्यावर टोपली, मोहरीच्या दाण्याची.
आता शनिवारपर्यंत थांबतील.

सोमवारी शेजारच्या खिडकीतून पराते मॅडमनी विचारलं,
सुट्टीत कुठे गेलात की नाही?
गेलो होतो, उमरेड लाइनला.
कुठवर?
कुहीच्या अलीकडे, म्हटलं,
आणि पुढच्याचं बिल घेतलं.